आसाकुसाला जुनं का असावं लागतं?

जपानची सहल करून आलेल्या मंडळींत तोक्योच्या आसाकुसा या वस्तीचा विषय निघाला की हमखास दोन तट पडतात. एक जण सांगत असतो, "सेन्सोजी बघितलं, चौदाशे वर्षांचं देऊळ आहे!" दुसरा लगेच त्याच्या फुग्याला टाचणी लावतो. "कसलं चौदाशे वर्षांचं? १९५८ चं सिमेंट आहे ते. छपरावर टायटॅनियमची कौलं. दुकानांच्या गल्लीतून रेटारेटी करत जायचं आणि प्लॅस्टिकचा पंखा घेऊन परत यायचं. खरं जपान बघायचंय ना, मग क्योटोला जा." यावर पहिला गप्प बसतो, कारण दुसऱ्याने दिलेली माहिती बिनचूक असते. माझी कुरकूर इथूनच सुरू होते. माहिती बिनचूक आहे, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकलेला आहे. आणि गंमत म्हणजे गप्प बसलेला माणूसही त्याच चुकीत भागीदार आहे. दोघांच्या हातात मोजपट्टी एकच आहे, इमारतीच्या वयाची. एकाला त्या पट्टीवर चौदाशे दिसतात, दुसऱ्याला सत्तरच्या आत. आसाकुसाला ती पट्टी लागूच पडत नाही, हे दोघांच्याही गावी नसतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जुनेपणा हे आसाकुसाचं वैशिष्ट्य कधीच नव्हतं. जळायचं आणि पुन्हा उभं राहायचं, देवापुढे हात जोडायचे आणि मागे वळून तमाशा बघायचा, काल निघालेली नवी गोष्ट आज बघायला जायचं, ही या जागेची रीत आहे आणि ती बरीच जुनी आहे. ही रीत न बघता जो लाकूड ठोकून बघतो त्याला आसाकुसा खोटं वाटणारच. पण त्याहून वाईट म्हणजे आसाकुसाचं जे खरोखर हातचं जाण्यासारखं आहे, ते त्याच्या नजरेतून सुटतं.

आता आरोप करणाऱ्यांच्या पदरात जे घालायला हवं ते मोकळ्या मनाने घालू. मुख्य मंदिर १९५८ चं, सळया घालून ओतलेल्या काँक्रीटचं. लाल कंदिलाचं ते जगप्रसिद्ध कामिनारीमोन हे दार १९६० चं. त्याच्या आतलं होझोमोन १९६४ चं. पाच मजली पॅगोडा १९७३ चा, आणि तोही मूळ जागी नाही; पूर्वी तो देवळाकडे तोंड करून उजव्या हाताला होता, आता डाव्या हाताला आहे. छपरांवरची मातीची कौलं काढून टायटॅनियमची बसवली त्याला अजून वीस वर्षंही झालेली नाहीत. म्हणजे सामान्य प्रवासी ज्या चार वास्तूंचे फोटो काढतो, त्यांतली एकही त्याच्या आजोबांच्या जन्माआधीची नसण्याची शक्यता दांडगी. पर्यटनाच्या पत्रकांत "इ.स. ६२८" हा आकडा ठळक छापून त्याखाली या इमारतींचे फोटो टाकतात, ती अर्धी लबाडीच आहे. एवढं सगळं मान्य.

पण त्या ६२८ च्या गोष्टीकडेच जरा नीट बघू. हिनोकुमा हामानारी आणि ताकेनारी हे दोन कोळी भाऊ सुमिदा नदीत जाळं टाकून बसले होते. जाळ्यात मासे येईनात, एक छोटी मूर्ती मात्र आली. ती कान्नोन या बौद्ध करुणादेवतेची आहे हे गावचा प्रमुख हाजी नो नाकातोमो याने ओळखलं, आणि आपल्या घराचंच देऊळ केलं. पुढे ६४५ मध्ये शोकाई नावाच्या भिक्षूने मंदिर बांधलं आणि मूर्ती कायमची पडद्याआड ठेवली. तेव्हापासून ती कुणाला दाखवली जात नाही. नवव्या शतकात एन्निन या थोर भिक्षूने घडवली असं मानतात ती दुसरी मूर्ती तिच्यापुढे असते. लोकांच्या नमस्कारांना सामोरी जाते ती हीच. म्हणजे ज्या वस्तूमुळे हे सगळं उभं राहिलं, ती वस्तू कुणी बघत नाही, मोजत नाही, तिचं वय तपासत नाही. जिचा गाभाच न दिसण्यावर उभा आहे, त्या जागेचा खरेपणा दिसणाऱ्या खांबांवरून ठरवायचा, हे तर्काला तरी पटतं का?

ही कान्नोन आपल्याला परकी नाही, हे जाता जाता सांगायला हवं. ती आपला अवलोकितेश्वर. मुंबईत बोरिवलीजवळ कान्हेरीला ४१ क्रमांकाच्या लेण्यात त्याची अकरा डोक्यांची मूर्ती आहे, आणि औरंगाबादच्या सातव्या लेण्याच्या दाराशी तो आठ संकटांतून भक्तांना सोडवतो आहे: आग, चोर, बेड्या, बुडतं जहाज, सिंह, साप, हत्ती, राक्षस. चीनमार्गे जपानला पोचेपर्यंत त्याचं रूप बरंचसं बाईचं झालं, पण काम तेच राहिलं. हाक ऐकायची, धावून जायचं. त्या आठांतलं पहिलं संकट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

१ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपानंतर तोक्यो जळालं. आसाकुसाही जळालं, पण शोगुन (तेव्हाचा लष्करी राज्यकर्ता) इएमित्सुने १६४९ मध्ये बांधवलेलं मुख्य मंदिर भोवतीच्या ज्वाळांतून वाचलं. आवारात आसऱ्याला आलेले लोकही वाचले. लोकांनी अर्थ लावला: कान्नोनने आग अडवली. मग २२ वर्षांनी, ९ मार्च १९४५ च्या रात्री, अमेरिकन बी-२९ विमानांनी याच भागावर आगलावे बॉम्ब टाकायला सुरुवात केली. शेजारपाजारचे लोक त्याच भरवशावर देवळाकडे धावले. या वेळी मंदिर जळालं, पॅगोडा जळाला, आणि आवारात, शेजारच्या पुलावर, नदीत माणसं मेली. त्या एका रात्रीत पूर्व तोक्योत सुमारे एक लाख लोक गेले. देवळाच्या आवारात गिंको वृक्ष आहेत, त्यांतल्या काहींच्या बुंध्यांवर त्या रात्रीची काजळी आणि जखम अजून आहे. पालवी फुटते ती त्या जखमेच्या कडेने. मूर्ती आधीच जमिनीत खोल पुरून ठेवली होती म्हणून ती तेवढी वाचली, असं सांगतात.

आता मला सांगा, आगीपासून सोडवणाऱ्या देवीचं देऊळ शेकडो माणसांसह आगीत गेल्यावर, उरलेल्या लोकांनी ते पुन्हा बांधताना न जळणाऱ्या वस्तूने बांधलं, याला खोटेपणा म्हणायचं? त्या काँक्रीटमध्ये देशभरातून गोळा झालेली वर्गणी आहे, तसंच मार्च १९४५ ची आठवणही आहे. लाकडाची हुबेहूब नक्कल उभारली असती तर ती जास्त प्रामाणिक ठरली असती, असं म्हणणाऱ्याने त्या बुंध्याजवळ पाच मिनिटं उभं राहावं. टायटॅनियमच्या कौलांचंही तेच. मातीच्या कौलांचा प्रचंड भार भूकंपात डोक्यावर नको, हा त्यामागचा साधा हिशेब. भूकंपाच्या देशात जड छप्पर तसंच ठेवून परंपरा जपल्याचं समाधान मिळवणं परवडत नाही.

याला एक खरोखर वजनदार उत्तर आहे, आणि ते "सगळं सिमेंट आहे हो" म्हणणारे सहसा देत नाहीत, म्हणून त्यांच्या वतीने मीच देतो. इसेचं मंदिर, शिंतो या जपानच्या मूळ धर्माचं सगळ्यात पवित्र ठिकाण, दर वीस वर्षांनी मोडून नवं बांधतात. २०१३ मध्ये बासष्टावी वेळ झाली, पुढची २०३३ ला. तिथलंही लाकूड जुनं नसतंच. पण बांधण्याची विद्या जुनी असते: सांधे कसे घालायचे, सुरूच्या जातीचं लाकूड कसं निवडायचं, रंधा कसा चालवायचा. बाप ते मुलाला शिकवतो, आणि ते शिकवायला संधी मिळावी म्हणूनच जणू वीस वर्षांचा फेरा. म्हणजे जपानी परंपरेत वस्तू नवी चालते, पण हात जुना लागतो. १९५८ च्या काँक्रीटने कुठल्या सुताराला काय शिकवलं? काहीही नाही. हा मुद्दा मला खोडता येत नाही आणि मी खोडणारही नाही. साच्यात ओतलेल्या कमानींत आणि जोडलेल्या तुळयांत फरक आहे, तो जवळून बघणाऱ्याला कळतो, आणि त्यात काहीतरी गमावलेलं आहे.

फक्त एवढंच, की तो मुद्दा घेऊन क्योटोला जाऊ नका, फजिती होईल. किन्काकुजीचा सोन्याचा मंडप १९५० मध्ये एका तरुण भिक्षूने जाळला, आजचा १९५५ चा. नाराच्या तोदाइजीतलं बुद्धाचं महाकाय मंदिर १७०९ चं. मूळ मंदिराची रुंदी ८६ मीटरच्या घरात होती, एवढं लाकूड आणि पैसा जमेना म्हणून ५७ वर भागवलं. शिवाय विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या डागडुजीत त्याच्या छपराला पोलादी आधार दिले, तेव्हा कुठे ते आज उभं आहे. नागोयाचा किल्ला तर या वादाचा कळसच. १९४५ मध्ये जळाला, १९५९ मध्ये काँक्रीटचा बांधला. आता तो पाडून "खरा" म्हणजे लाकडी बांधायचा असं महापालिकेने ठरवलं, आणि गाडी अडली कुठे? लिफ्टवर. मूळ किल्ल्यात लिफ्ट नव्हती म्हणून नव्यातही नको, असं एका बाजूचं म्हणणं. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाने मग वर यायचंच नाही का, असं दुसऱ्या बाजूचं. २०१८ पासून किल्ल्याचा मनोरा बंद आहे. सेन्सोजीच्या मुख्य मंदिराच्या कडेला लिफ्ट आहे, आणि गुडघे गेलेल्या आज्या तिच्यातून वर जाऊन दर्शन घेतात. शुद्धतेची किंमत कोण मोजतं, हे अशा वेळी दिसतं.

आणि हाताच्या विद्येचं म्हणाल तर ती आसाकुसात नाहीशी झालेली नाही, तिने जागा बदलली. होझोमोनच्या मागच्या बाजूला दोन अजस्र गवती चपला टांगलेल्या असतात, साडेचार मीटर लांबीच्या. यामागाता प्रांतातल्या मुरायामाचे लोक भाताच्या पेंढ्यापासून त्या हाताने वळतात आणि दहाएक वर्षांनी नवा जोड आणून वाहतात. पेंढा वळायची ती विद्या काँक्रीटच्या दाराने जिवंत ठेवली आहे. "केवढी प्राचीन प्रथा!" असं कुणी म्हणालं तर सांगतो, पहिला जोड १९४१ चा. कामिनारीमोनच्या कंदिलाची कथाही अशीच. दार १८६५ च्या आगीत गेलं ते ९५ वर्षं आलंच नाही. दार नसताना लोक त्या जागेला मात्र "कामिनारीमोन"च म्हणत राहिले. मग मात्सुशिता कोनोसुके या विजेच्या उपकरणांच्या कारखानदाराने, आजारातून उठल्यावर, १९६० मध्ये ते बांधून दिलं. साधारण ७०० किलोचा तो कंदीलही दर दहाएक वर्षांनी त्यांच्याच कंपनीकडून नवा येतो, आणि त्याच्या तळाच्या पितळी पट्टीवर कंपनीचं जुनं नाव आजही कोरलेलं असतं. नवस फेडून दार बांधणं आणि खाली आपलं नाव घालणं, यात आपल्याकडच्या देवळांच्या फरशा वाचलेल्या कुणाला काही नवल वाटू नये.

दुसरा आरोप बाजाराचा. "देवाचा बाजार मांडलाय नुसता." कामिनारीमोनपासून होझोमोनपर्यंतची अडीचशे मीटरची नाकामिसे गल्ली, दोन्ही अंगांना मिळून नव्वदच्या आसपास दुकानं, आणि गर्दी अशी की आपण चालतो की ढकलले जातो ते कळत नाही. पण हा बाजार देवळाला आत्ता चिकटला आहे का? सतराव्या शतकाच्या अखेरीस, अठराव्याच्या सुरुवातीस, देवळाच्या आवाराची झाडलोट करण्याचं काम आसपासच्या रहिवाशांवर होतं, आणि त्याच्या बदल्यात त्यांना वाटेवर दुकान थाटायची मुभा मिळाली. झाडू मारा, दुकान लावा, असा तो करार. देवळाच्या मागच्या अंगाला ओकुयामा म्हणत. तिथे भोवरे फिरवून दाखवत दंतमंजन विकणारे, कसरती करणारे, विचित्र प्राणी दाखवणारे तंबू ठोकत. जवळच १६५७ च्या आगीनंतर शहरातून हलवलेली योशिवारा ही कलावंतिणींची वस्ती. पुढे १८४० च्या दशकात सरकारने काबुकीची नाट्यगृहंही उचलून याच बाजूला आणून टाकली. सरकारला दोन्ही गोष्टी शहरापासून लांब हव्या होत्या. त्यामुळे झालं असं, की देवदर्शन, नाटक, खाणं आणि चैन हे सगळं एका फेरीत उरकायची सोय झाली, आणि घरी सांगायला "देवाला जाऊन येतो" हे कारण तयार! याला मराठीत एक सरळ शब्द आहे, जत्रा. जत्रेत पाळणा का, रेवड्या का, असं आपण विचारत नाही. मग तोक्योच्या जत्रेकडूनच मठातल्या शांततेची अपेक्षा का? ती शांतता हवी असेल तर कोयासानला, डोंगरावरच्या मठांच्या गावाला जावं, तिथे ती आहे. आसाकुसाने तिचं वचन कधी दिलेलं नाही.

खरं तर आसाकुसाला "पारंपरिक जपान" ही पाटी लागली हीच मुळात हल्लीची गोष्ट आहे. शंभर वर्षांमागे तोक्योचा माणूस आसाकुसाला जायचा ते सगळ्यात नवं काय आहे ते बघायला. १८९० मध्ये तिथे र्योउन्काकु हा बारा मजली मनोरा उभा राहिला आणि जपानची पहिली विजेची लिफ्ट त्यात बसली. ती काही महिन्यांतच धोकादायक म्हणून बंद करावी लागली, हा भाग वेगळा. १९०३ मध्ये देशातलं पहिलं कायमचं सिनेमागृह, देन्कीकान, इथेच उघडलं. १९२७ च्या अखेरीस पूर्वेकडची पहिली भुयारी रेल्वे धावली ती आसाकुसा ते उएनो. दोन किलोमीटरच्या आसपासच्या त्या प्रवासासाठी लोक तासन्‌तास रांगेत उभे होते. १९२३ च्या भूकंपात तो मनोरा मधूनच मोडला आणि आसाकुसाचं एक युग संपलं, असं तेव्हाचे लोक म्हणत. देऊळ वाचलं होतं, तरीही युग संपलं ते मनोऱ्याचं! युद्धानंतर सिनेमे चालले, मग घरोघरी टीव्ही आला, तरुण मंडळी शिंजुकु-शिबुयाकडे वळली आणि आसाकुसा ओस पडलं. ते ओस पडल्यावर मग "इथे जुनं वातावरण टिकून आहे" हा शोध लागला. जे मागे राहिलं त्याला जुनं म्हणायचं आणि मग त्याचंच तिकीट लावायचं! आसाकुसाने मात्र या मधल्या काळातही सवय सोडली नाही. १९८१ पासून तिथे उन्हाळ्याच्या शेवटी सांबा मिरवणूक निघते, ब्राझीलमधल्यासारखी, पिसं-बिसं लावून. देवळाच्या दारावरून. शुद्धतावाद्यांना भोवळ येईल असं ते दृश्य असतं, आणि एदोच्या (हे तोक्योचं जुनं नाव) ओकुयामातला भोवरेवाला ते बघून मनापासून टाळ्या वाजवेल.

मूळचं, शुद्ध, भेसळ नसलेलं काय, हा प्रश्न जपानने एकदा अगदी गंभीरपणे स्वतःला विचारला होता. त्याचं उत्तर काय आलं? १८६८ मध्ये मेइजी सरकारने हुकूम काढला की शिंतो देव आणि बुद्धाचे देव वेगळे करा. हजार वर्षं ते एकाच आवारात, कधी एकाच गाभाऱ्यात नांदत होते. शिंतो तेवढा मूळचा, बौद्ध धर्म बाहेरून आलेला, सबब वेगळा काढा. त्या लाटेत देशभर मूर्ती फुटल्या, पोथ्या जळाल्या. नाराच्या कोफुकुजीचा पाच मजली पॅगोडा कवडीमोलाने विकायला काढला होता, अशी कथा आहे. आसाकुसात काय झालं? देवळाची जमीन सरकारजमा होऊन १८७३ मध्ये तिची सार्वजनिक बाग झाली. आणि मूर्ती शोधणारे ते दोन कोळी आणि गावप्रमुख, त्या तिघांचं शिंतो देऊळ, कागदोपत्री बुद्धमंदिरापासून तोडलं गेलं. जरा विचार करा: बौद्ध मूर्ती जाळ्यात सापडली म्हणून जे तिघे देव झाले, त्यांना त्या मूर्तीपासून वेगळं करायचं! फारकत झाली ती कागदावर. मे महिन्याच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी सान्जा मात्सुरी या उत्सवात त्या तिघांच्या पालख्या निघतात, तेव्हा बुद्धमंदिराच्या आवारात खांद्याला खांदा लागलेला असतो, आणि या बाजूला बुद्ध, त्या बाजूला शिंतो असली रेघ कुणी मागत नाही. हे तिघांचं देऊळ १६४९ चं आहे, लाकडी आहे, १९२३ आणि १९४५ या दोन्ही आगींतून वाचलेलं आहे. "खरं जुनं" शोधणाऱ्यांना हवं ते नेमकं तिथेच, मुख्य मंदिराच्या उजव्या हाताला शंभर पावलांवर आहे. मी सकाळी अर्धा तास तिथे होतो. आले ते शेजारपाजारचे, एक कुत्रा घेऊन आलेले आजोबा, एक शाळकरी मुलगी. सिमेंटवर नाराज झालेला प्रवासी काही मला तिथे दिसला नाही.

शुद्धतेचा आणखी एक नमुना तिथून चालत दहा मिनिटांवर आहे आणि तो आपल्या घरातला आहे. सुमिदाच्या काठाजवळ मात्सुचियामा नावाची लहानशी टेकडी आहे, तिच्यावर सेन्सोजीच्याच शाखेचं देऊळ. देवाचं नाव शोदेन किंवा कांगितेन, म्हणजे आपला गणपती. मूर्ती इथेही झाकलेली. नैवेद्याला लाडू नाहीत, फुलं नाहीत. लोक पांढरा मुळा आणून वाहतात. पायऱ्यांवर, कठड्यांवर सगळीकडे मुळ्यांची जोडी आणि पैशाची थैली कोरलेली. जानेवारीत मुळ्याचा उत्सव असतो आणि उकडलेल्या मुळ्याचा प्रसाद वाटतात. मराठी माणसाची पहिली प्रतिक्रिया ठरलेली: "गणपतीला मुळा? हे काय भलतंच!" पण आपल्याच जुन्या मूर्तिलक्षणांत गणपतीच्या हातात "मूलककंद" सांगितला आहे, म्हणजे मुळाच. आपण तो विसरलो, त्याच्या जागी मोदक घट्ट धरला. मुळा तिकडे पोचला आणि टिकला. आणि मोदकाचाही एक तळलेला भाऊबंद कांगिदान नावाने क्योटोत अजून मिळतो. आता खरा गणपती कुणाचा? दगडूशेठपुढचा, की मात्सुचियामाच्या पडद्यामागचा? हा प्रश्न जितका निरर्थक, तितकाच आसाकुसा खरं की खोटं हाही.

मग आसाकुसात सगळं आलबेल आहे का? मुळीच नाही. बाजार पूर्वीपासून होता, एवढं सांगून माझी सुटका होत नाही, हे मला कळतं. एदोतल्या जत्रेचं गिऱ्हाईक एदोतलंच होतं. परवा पंखा विकणारी बाई उद्या त्याच गिऱ्हाइकाच्या शेजारी नाटकाला बसत होती. २०२४ मध्ये जपानला ३ कोटी ६८ लाखांवर परदेशी पाहुणे आले, येन घसरलेला, आणि त्यातला मोठा लोंढा या अडीचशे मीटरच्या गल्लीतून गेला. अशा ठिकाणी दुकानाने कुणासाठी माल ठेवायचा, हे वेगळं सांगायला नको. भाड्याने किमोनो देणाऱ्या दुकानांच्या रांगा लागतात आणि मोहल्ल्यातला भाजीवाला उठतो. हा बदल १९५८ च्या काँक्रीटपेक्षा मोठा आहे. पण त्याच्याविषयी बोलायचं तर दगड-लाकूड सोडून भाडं, जमीन आणि मालकी याविषयी बोलावं लागतं, आणि ते बोलायला प्रवासवर्णनांत जागा नसते.

एकच उदाहरण देतो. नाकामिसेच्या इमारती कितीतरी काळ तोक्यो सरकारच्या होत्या आणि भाडं नाममात्र होतं. २०१७ मध्ये देवळाने त्या विकत घेतल्या आणि भाडं सुमारे सोळा पट करण्याचा विषय निघाला. बातम्या झाल्या, गलका झाला, वाढ टप्प्याटप्प्याने करण्याची बोलणी झाली. देवळाची बाजू अगदीच चुकीची होती असंही नाही. शेजारच्या रस्त्यावरचा बाजारभाव त्याहून फार वेगळा नव्हता, आणि नव्या मालकाला कर आणि डागडुजी चुकत नाही. पण बाजारभाव कुणाला परवडतो? पिढ्यान्‌पिढ्या तांदळाच्या चकत्या कोळशावर भाजणाऱ्याला, की दहा शहरांत शाखा असलेल्या दुकानाला? "देवाचा बाजार" म्हणून नाकं मुरडणाऱ्यांना या दोघांत फरक दिसत नाही, त्यांना दोन्ही बाजारच. "चौदाशे वर्षांचं देऊळ" म्हणणाऱ्यांचं लक्ष छपराकडे. झाडू मारून मिळालेल्या दुकानाच्या त्या जुन्या कराराचं काय झालं, हे दोघांनाही विचारावंसं वाटत नाही.

बाजूच्याच देम्बोइन गल्लीत तर प्रकरण कोर्टात गेलं. रस्त्याच्या कडेला भिंतीला टेकून तीसएक दुकानं आहेत. २०२२ मध्ये आसाकुसा ज्यात येतं त्या ताइतो विभागाच्या प्रशासनाने ती सार्वजनिक रस्त्यावरचं अतिक्रमण म्हणून हटवण्यासाठी दावा लावला. दुकानदारांचं म्हणणं, सत्तरच्या दशकात तेव्हाच्या प्रमुखाच्या संमतीनेच आम्ही इथे आलो. कागद म्हणावा तसा नाही, आठवण आहे, आणि तिथे उभं राहून काढलेली चाळीसपेक्षा जास्त वर्षं आहेत. गल्लीच्या दर्शनी भागाला एदो काळाचा साज चढवलेला आहे, लाकडी पाट्या, कंदील. पर्यटकाला ती दुकानं तीनशे वर्षांची वाटतात. कायद्याला ती बेकायदा दिसतात. दुकानदाराला ती आपली वाटतात. यांतलं कुठलं वय धरायचं?

सकाळी सहाच्या सुमाराला नाकामिसेची दुकानं बंद असतात. खाली ओढलेल्या शटरांवर आसाकुसाच्या सणांची चित्रं रंगवलेली आहेत: डिसेंबरातला शोभेच्या लाकडी बॅटांचा बाजार, जुलैतली केशरी कंदिलांसारख्या फळांची जत्रा. १० जुलैला केलेलं एक दर्शन ४६,००० दिवसांच्या दर्शनांइतकं धरतात; म्हणजे सव्वाशे वर्षांचा हिशेब एका फेरीत चुकता. ती चित्रं बघायची तर दुकान उघडण्याआधी यावं लागतं. मी गेलो त्या दिवशी मधल्या एका दुकानासमोर एक म्हातारे गृहस्थ लांब दांड्याच्या झाडूने आपल्यापुढची फरशी झाडत होते, आणि शेजारच्या बंद दुकानापुढचीही दोन हात झाडून घेत होते.